बोल्टचा नंबर

हाइन्झनं ज्या रायफलीनं स्वतःला संपवलं, ती पोलिसांनी परत दिल्यावर रोझमारीवहिनींनी माझ्या बंदुकांच्या दुकानात आणून ठेवली.

"घेऊन टाक, उर्स. घरात नको."

सवयीनं मी नंबर ताडून पाहिले. नळीवर आणि गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवर एकच हवा. बोल्टवर भलताच होता.

"वहिनी, बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा आहे."

"असेल. तो वेडंवाकडं बोलायला लागला, तेव्हा हिचा मूळचा मी थूनच्या तळ्यात फेकला. बोल्टशिवाय गोळी सुटत नाही ना रे?"

"नाही."

"मग हा त्याला दिला कुणी?"

वसंतात हाइन्झ आला होता. बोल्ट हरवला म्हणाला, नेमबाजीच्या क्लबात सांगू नकोस म्हणाला. मी त्याची भरपूर टिंगल केली, आणि खणातला एक काढून, तेल लावून हातावर ठेवला.