आईंच्या खोलीतली जाळी

“माझ्या हयातीत ही नळी निघणार नाही,” सासरे शिडी धरून म्हणाले. शिडीवर फिटर खोळंबला होता. समोर सून उभी होती आणि तीही हटायला तयार नव्हती.

वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी घरभर हवेची नळी फिरवली होती. वळ्यावळ्यांची, हवी तशी वाकणारी. गच्चीवरचा पंखा बाहेरची हवा ओढायचा आणि नळी ती प्रत्येक खोलीतल्या जाळीपर्यंत पोचवायची. घरी कोणी आलं की सासरे त्याला आधी जाळीखाली उभं करत, पाणी नंतर विचारत. सुनेला तिथे पत्र्याची डक्ट हवी होती. सरळ, आतून गुळगुळीत, मध्ये साफसफाईला झाकणं असलेली. वळ्यांत धूळ बसते आणि ती पुसता येत नाही. तिच्या सहा वर्षांच्या लेकीला नेमकी धुळीची ॲलर्जी होती. पोर नाकानं श्वास घ्यायचं विसरली होती.

“धुळीचं मला सांगू नकोस,” सासरे म्हणाले. “नळी बसवली तेव्हा तुझी सासू केवढी खोकायची. नळीच्या हवेनं दोन महिन्यांत खोकला पळाला. पोरगीसुद्धा आजीच्या खोलीत कशी शांत झोपते? तिथे काय वेगळी नळी आहे?”

आजीकडे झोपली की पोरीचं नाक मोकळं होई, हे खरंच होतं. सगळे म्हणायचे, आजीची माया. मग आपली माया कुठे कमी पडते, हे सुनेच्या मनाला फार लागायचं. तरी ती म्हणाली, “मला नाही सांगता येत, बाबा. पण नळी बदलणार म्हणजे बदलणार.”

सासू खुर्चीत बसून सदऱ्याला बटण लावत होती. नळीबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

“मग हिच्याच खोलीतली जाळी उघडा,” सासरे बायकोकडे बोट करत फिटरला म्हणाले. “हवा कशी खेळते ते बघू दे सूनबाईंना.”

सगळी वरात त्या खोलीत गेली; सासूही शिवण घेऊन तिथल्या पलंगावर टेकली. फिटरनं चार स्क्रू काढून जाळी उतरवली आणि आत हात घातला. हात मनगटापाशीच अडला. त्यानं जोर लावून ओढलं, तसा गच्च कोंबलेला एक लोकरी स्वेटर बाहेर आला. नळीकडची बाजू धुळीनं काळीकुट्ट, खोलीकडची अजून निळी. आपला हाच स्वेटर धोब्यानं हरवला म्हणत सासऱ्यांनी त्याच्याशी कायमचं भांडण केलं होतं.

सासूनं सुई कापडात खोचली आणि उठून सुनेच्या शेजारी उभी राहिली.

“नळीनं लागलेला माझा खोकला ह्या स्वेटरनं गेला,” ती नवऱ्याकडे सरळ बघत म्हणाली. “वीस वर्षं तुमचं मन राखलं, आता नाही राखणार. काढा ती नळी.”