चारची मालिका

नवरा वारल्यावर कुलसुमबीनं उंबरा ओलांडणंच सोडलं होतं. एके दिवशी शेजारच्या शांताक्कांनी भिंतीवरून हाक मारली, “चार वाजता जुनी मालिका परत लागायलीय. एकटीला बघवत न्हाय, या की!” त्याला वर्ष झालं, दुपारचा चहा तिथंच. काल मालिका ऐन रंगात असताना अख्ख्या मुरुम गावाची लाईट गेली, तेव्हा अक्का केवढ्या हळहळल्या, “गेला बघा भाग, आता कुठला मिळायचा!” आज चहा गाळताना त्यांनी कपाटातला चष्मा आणायला सांगितला. साड्यांखाली त्याच मालिकेच्या डिस्कचा पुरा संच निघाला. वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. सोबत अक्कांच्या लेकीची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी: ‘आई, मालिका परत लागायची वाट बघू नको. कधीही लाव.’ कुलसुमबीनं संच साड्यांखाली सरकवला, डोळे पुसले. आजचा भाग संपल्यावर ती म्हणाली, “उद्याबी येते, अक्का. मलाबी एकटीला बघवत न्हाय.”