शेवटच्या गाण्यातली रांग

लढाईच्या दिवसांत हॉलिवूडच्या एका स्टुडिओने झाडून साऱ्या ताऱ्यांना घेऊन एक संगीत-विनोदी सिनेमा काढला. त्यात आमच्या लिनवुडला अख्खा नाच मिळाला, तोही एकट्याचा. चौकटीत दुसरं कोणी नाही. शेवटच्या समूहगीताला मात्र त्याला बोलावलंच नाही. आम्ही तरी एकट्याचा नाच म्हणजे मानच समजलो आणि आमच्या काळ्यांच्या वस्तीत पार्टी केली.

मग संकलकाने त्याला प्रेमाने समजावलं, "अरे, दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना पडद्यावर काळा माणूस चालत नाही. तुझा तुकडा तिथे अलगद काढता येतो. जोडसुद्धा दिसत नाही बघ!"

लिनवुडची आई तिकडे दक्षिणेतच, मिसिसिपीत. चर्चच्या साऱ्या बायका गोळा करून ती सिनेमाला गेली आणि रविवारी तिचा फोन आला.

"पाहिलास, आई?" लिनवुडने भीतभीतच विचारलं.

"पाहिला म्हणजे! काय नाचलास रे मेल्या! आम्हा काळ्यांची वरची गॅलरी नुसती दणाणली. त्या बर्निसचं तोंड बघायला हवं होतंस. मुलगा पोस्टात आहे म्हणून मिरवत असते बया!"

लिनवुडने फोनवर हात ठेवला आणि बायकोला ओरडून सांगितलं, "कोरा, कापला नाही गं! आमच्या गावात कापला नाही!"

फोन जिन्याखाली होता, त्यामुळे साऱ्या बिऱ्हाडांनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसत त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "अजून सांग ना, आई."

 

"आणि शेवटच्या गाण्यात रे, ते सगळे तारे रांगेत उभे होते ना, त्यात तू अगदी मधोमध!"