बशीतलं बारसं

पक्षाघाताच्या झटक्यानंतर मृण्मयीची जीभ जड झाली होती. हृदयातलं जन्मापासूनचं छिद्र बुजवलं नाही, तर पुन्हा एखादी गुठळी मेंदूत जायची भीती होती.

ते आता तिच्या बाळाच्या पेशींनी बुजणार होतं. बाळ तिसऱ्याच दिवशी गेलं होतं; गरोदरपणात तिच्या रक्तात उतरलेल्या त्याच्या पेशी मात्र इतकी वर्षं तिथे जगल्या होत्या. काचेच्या बशीत वाढवलेलं त्यांचं इवलंसं ठिगळ धडधडत होतं.

"बशीवर नाव काय लिहू?" प्रयोगशाळेतल्या सहायकानं विचारलं.

"पेशंटचंच," नवरा म्हणाला.

"गप रे दादा! बारसं राहिलंय त्याचं," नणंद म्हणाली. "वहिनी, सांग मला. आत्या आहे मी."

मृण्मयी तिच्या कानाशी अडखळत पुटपुटली. नणंद बशीवर वाकली. "कुर्रर्र... निनाद!"

मृण्मयीनं आपला चालता हात पुढे केला.

"जरा... घेऊ दे ना."