सत्त्याहत्तरचं रीळ

ड्वेनच्या पदरात पडणार होतं ते काही थोडकं नव्हतं. शाळेच्या मैदानाला त्याचं नाव, फाटकावर पाटी आणि शनिवारी साऱ्या हॅडली गावाच्या उभ्याने टाळ्या. आड येत होता एक पत्र्याचा डबा, शाळेच्या माळ्यावर सापडलेला. आत सत्त्याहत्तरच्या अंतिम सामन्याचं रीळ.

"पाटी उघडायच्या आधी तेच दाखवणार आहेत," कॅफेत मिलो म्हणाला. "बघून घे लेका, आपल्याला केस होते ते."

त्याने दालचिनीचा रोल चिलीत, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्यात बुडवला. कॅफेवाल्या बर्नीसने रोजच्यासारखी लोण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "घे रे मिलो, हाताला लाव!" सगळे हसले. मिलोही हसला. पन्नास वर्षं होत आली, हसतच होता.

तेव्हा ड्वेन शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याने फेकायचा, मिलोने पळत जाऊन झेलायचा. त्या हंगामात ड्वेनचा खांदा दुखावला होता, पण पठ्ठ्या कुणाला बोलला नाही. पास कधी पायाशी पडत, कधी पाठीमागून जात. मिलो लोळण घेऊन, एका हाताने ते टिपायचा आणि चिखल झटकत ओरडायचा, "झकास होता रे!"

अंतिम सामन्यातला शेवटचा पास मात्र मिलोच्या बोटांना लागून खाली पडला. हॅडली हरलं. बर्फ भुरभुरत होतं. लोकांना दिसलं ते एवढंच, की चेंडू हाताला लागला आणि सुटला. वार्ताहराने विचारलं तेव्हा ड्वेन म्हणाला, "मी तर त्याच्या हातात दिला होता."

गावाने ठरवलं, मिलोच्या हाताला लोणी लागलं होतं. पण पास हातभर मागे गेला होता. हे ड्वेनला ठाऊक होतं, मिलोला ठाऊक होतं आणि कॅमेऱ्याला.

पुढे प्रशिक्षकांनी तेच रीळ कॉलेजला पाठवलं, आणि कॉलेजने ड्वेनला खेळाडू म्हणून घेऊन चार वर्षं फुकट शिकवलं. त्या लोकांना तो पास दिसला कसा नाही, हे कोडं त्याला कधी सुटलं नाही. नशीब म्हणून त्याने सोडून दिलं. मिलो धान्याच्या कोठारावर कामाला लागला.

"प्रोजेक्टर कोण चालवणार?" ड्वेनने विचारलं.

"मीच की. तेव्हाही मीच चालवायचो. प्रशिक्षकांना कुठे फिल्म लावता यायची?"

"मग रीळ आज मला दे. धूळ बसली असेल, पुसून आणतो."

मिलोने हात पुसले. मग शेजारच्या खुर्चीवरचा डबा सरकवला. "ने. पण शेवटाकडे जपून हं. तिथे जरा नाजूक आहे."

दुपारी गॅरेजचं दार लावून ड्वेनने कात्री जवळ ठेवली आणि रीळ खिडकीच्या उजेडात धरून एकेक चौकट पाहत गेला. बर्फ. पळणारा मिलो, पोरसवदा, सडसडीत. मग तो स्वतः, हात मागे नेलेला, चेंडू अजून मुठीत.

पुढच्याच चौकटीत लोक मैदानाबाहेर चालले होते.

दोहोंच्या मधे एक चिकटपट्टी होती. पिवळी, ठिसूळ, कडा काटेकोर जुळवलेल्या. तिच्यावर मिलोच्या बारीक, तिरक्या अक्षरात दोन शब्द: 'झकास होता.'

ड्वेनने कात्री खाली ठेवली. कॉलेज त्याचं, मैदान त्याचं. लोणी तेवढं मिलोचं.