पाठीवरचं इंजिन

पोरं बनवत होती त्या रिमोटवरच्या विमानाला पंखा मागं होता, म्हणजे पेट्रोल इंजिनही मागंच बसणार. त्यांना शिकवणाऱ्या बेंबळीच्या निवृत्त गुंडाप्पा गुरुजींनी छोटं इंजिन निवडलं होतं. त्या पोरांतल्या मोनिकानं मात्र वडिलांच्या फवारणी पंपाचं मोठं इंजिन आणून बसवलं. गेल्या हंगामात फवारतानाच विषबाधा होऊन ते गेले होते. “बाबाबी इंजिन पाठीवरच घ्यायचे, गुरुजी. आता त्यांचं इंजिन उडू दे.” गुरुजींना ‘नाही’ म्हणवेना. तोल बघायला दोघांनी पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचललं. शेपटी धपकन खाली गेली. “नाकाला वजन बांधू की!” “मग सगळंच जड होईल, पोरी. उठायचंच नाही ते.” मोनिका इंजिनावरून हात फिरवत राहिली. “बाबांनाबी लई जड व्हायचं. रोज कण्हत यायचे. पर पाठीवरनं कुणी उतरवून घेतलं न्हाय.” गुरुजींनी पाना पुढं केला. एकेक नट सोडवत तिनं इंजिन उतरवलं.