दुसरबीडच्या अलीकडचा ठिपका

पुष्पांजली चिखलीच्या कॉलेजात शिकवायची. जिल्ह्यात कुठून टॅक्सी बोलावली तर किती भाडं पडतं, याचा नकाशा तिनं पायथनमध्ये बनवला होता. प्रोग्रॅम दर तासाला नवी भाडी आणायचा आणि ठिपक्यांचे रंग बदलायचे. फक्त दुसरबीडच्या अलीकडं, रानातला एक ठिपका महिनाभर हिरवाच राहिला. तिथलं भाडं सर्वांत कमी होतं, म्हणजे तिथं कायम गाडी उभी असणार.

"चाल, पाहून येऊ," तिचा मोठा भाऊ धम्मरत्न म्हणाला. वडिलांमागं त्यानंच तिला शिकवलं होतं. त्याच्याइतका भरवसा तिला कुणाचाच नव्हता.

भर दुपारी दोघं शेतं तुडवत तिथं पोचले. चहूकडं नांगरलेलं रान होतं. रस्ता नव्हता, गाडी नव्हती.

"दादा, इथं तं काहीच नाही."

तिनं मोबाइलवर टॅक्सीचं ॲप उघडलं. तिनं न बोलावताच गाडी ठरली होती. प्रवासी म्हणून तिचं नाव होतं, बुक करणारा धम्मरत्न होता, आणि तारीख महिन्यापूर्वीची होती.

"काऊन केलं तू असं?"

"हे गाडी मले न्याले आली होती. माह्या जागी कोणीतरी पाह्यजेच होतं," तो खाली पाहत म्हणाला.

मोबाइल थरथरला. गाडी पोचली होती.

समोर ढेकळांशिवाय काहीच नव्हतं. पण अगदी तिच्या शेजारी गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि धम्मरत्न वाट करून देत दोन पावलं मागं सरला.